इंग्लिश पूर्वजांचा शोध : चर्चची रजिस्टरं आणि मृत्युपत्रं
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मराठी घरात इंग्लिश सून किंवा जावई आला की नातवंडांची वंशावळ मांडायचा विषय आज ना उद्या निघतोच. आपल्याकडून कुलवृत्तांत असतो, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची नोंद असते. दुसरी बाजू मात्र आजी-आजोबांपाशी अडते. ती किती मागे नेता येईल, असं आम्हाला नेहमी विचारलं जातं. नशीब चांगलं असेल तर सोळाव्या शतकापर्यंत.

उपाध्यायांची वही घराण्यांनुसार लावलेली असते, इंग्लंडमधली रजिस्टरं पॅरिशनुसार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीनुसार. त्यामुळे नुसत्या आडनावावर काम भागत नाही, गाव कळावं लागतं. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी जुलै १८३७ मध्ये सुरू झाली आणि १८५१ च्या जनगणनेत जन्माचा पॅरिश विचारला गेला. म्हणून आम्ही आजपासून एकेक पिढी मागे जातो. एखाद्या प्रसिद्ध नावापासून खाली उतरत येण्याचं काम आम्ही घेत नाही.

रजिस्टर ठेवण्याचा हुकूम १५३८ चा, आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचा. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद दर आठवड्याला करायची होती. सुरुवातीच्या कागदी वह्या फारशा टिकल्या नाहीत. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा आदेश निघाला, निदान एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनच्या तरी. म्हणूनच कितीतरी गावांची रजिस्टरं १५५८ पासून सुरू होतात. याच आदेशाने दरवर्षी एक प्रत बिशपकडे जाऊ लागली. मूळ वही हरवली असेल तर आम्ही ही प्रत शोधतो. १६४२ नंतरच्या यादवी युद्धाच्या काळात पुष्कळ ठिकाणी पानंच्या पानं कोरी आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलत असे. रजिस्टरमधला १६४० चा फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १६४१ चा असतो.

रजिस्टर नाव आणि तारीख देतं, घर दाखवतं ते मृत्युपत्र. १८५८ पर्यंत मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. एकाहून जास्त बिशपांच्या हद्दीत मालमत्ता असलेल्यांची बहुधा कँटरबरी किंवा यॉर्कच्या आर्चबिशपांच्या न्यायालयात जात. कँटरबरीची आज लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. सोबत कधी मालमत्तेची यादी मिळते. शेजाऱ्यांनी खोलीखोलीत फिरून पलंग, पितळेची भांडी, गाई, कोठारातलं धान्य यांची किंमत लिहिलेली असते. अशी यादी हाती आली की आम्ही ती अक्षरशः घरच्यासारखी वाचतो. डेव्हनच्या कुटुंबांना मात्र आधीच सांगतो : तिथली बहुतेक मूळ मृत्युपत्रं १९४२ च्या एक्सटरवरील बॉम्बहल्ल्यात जळाली.

दोन्ही साधनं एकत्र का लागतात, हे शेक्सपिअरच्या घरावरून दिसतं. स्ट्रॅटफर्डच्या रजिस्टरमध्ये त्याचा बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४ ला आहे. जन्मतारीख नाही, कारण ती लिहायची पद्धतच नव्हती. त्याची जुळी मुलं हॅम्नेट आणि जुडिथ यांचा बाप्तिस्मा २ फेब्रुवारीचा, वहीतल्या हिशोबाने १५८४, आपल्या हिशोबाने १५८५. हॅम्नेटचं दफन ११ ऑगस्ट १५९६ ला झालं. १६१६ च्या मृत्युपत्रात सुझाना आणि जुडिथ या मुली आहेत, बहीण जोन आणि तिची मुलं आहेत, पण हॅम्नेट नाही. पत्नीचा उल्लेख आहे, तिचं नाव नाही. फक्त मृत्युपत्र पाहणाऱ्याला हा मुलगा होता हेच कळलं नसतं. लग्नाची नोंद तर स्ट्रॅटफर्डच्या वहीत नाहीच. तिचा माग वूस्टरच्या बिशपकडच्या नोव्हेंबर १५८२ च्या कागदांत लागतो.

मात्र मृत्युपत्रात मुलाचं नाव नसलं म्हणून तो वारलाच असं आम्ही धरत नाही. त्याला वाटा आधीच मिळालेला असू शकतो. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे, त्यामुळे स्त्रियांची मृत्युपत्रं मिळतात ती बहुतेक विधवांची आणि अविवाहितांची. मजूर कुटुंबांकडे ठेवण्यासारखं फारसं नसे. त्यांच्यासाठी आम्ही पॅरिशच्या गरिबांना दिलेल्या मदतीचे हिशोब आणि वास्तव्याचे दाखले चाळतो.

एकाच गावात एकाच नावाचे दोन जॉन असले आणि कोणता आपला हे ठरवता आलं नाही, तर वंशावळ तिथेच थांबवतो. अंदाजाने जोडलेली पिढी तिच्या मागच्या सगळ्या पिढ्या खोट्या करते.

काम सुरू करण्यासाठी माहितीतल्या सर्वांत जुन्या व्यक्तीचं पूर्ण नाव, लग्नाआधीचं आडनाव आणि गाव कळवा. घरात जुनं बायबल असेल तर त्याच्या आतल्या कोऱ्या पानांचे फोटो जरूर पाठवा, तिथे अनेकदा मुलांचे जन्म लिहिलेले असतात. प्रत्येक नोंदीची प्रतिमा, मूळ मजकूर आणि मराठी अनुवाद आम्ही एकत्र देतो.