उत्क्रांतीतली उणीव म्हणजे निर्मितीचा पुरावा नव्हे

'दोन्ही बाजू शिकवा, मुलं काय ते ठरवतील.' विज्ञानाच्या तासाला उत्क्रांतीबरोबर निर्मितीवादही हवा असं म्हणणाऱ्यांचं हे ठरलेलं वाक्य. ऐकायला न्यायाचं वाटतं, म्हणून शिकलीसवरली माणसंही माना डोलावतात. पण त्यात गुपचूप गृहीत धरलेलं असतं की या एकाच वादाच्या दोन बाजू आहेत आणि एक पडली की दुसरी आपोआप खरी ठरते. चूक आहे ती इथे.

उत्क्रांतीबद्दल फार लिहीत नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. जीवाश्म, अवशेषांगं, जोडणारे दुवे, सगळं तिथे आहे. विसरला असाल तर घरातल्या दहावीच्या मुलाचं पुस्तक उघडा.

निर्मितीवाद म्हणजे सजीव कुणा निर्मात्याने थेट घडवले ही भूमिका. पृथ्वी काही हजार वर्षांची मानणारे आणि तिचं खरं वय मान्य असणारे, असे त्यात पंथ आहेत. तो फरक इथे सोडून देऊ. मात्र 'इंटेलिजंट डिझाइन' (सजीवांमागे कुणा बुद्धिमान रचनाकाराचा हात आहे, हा दावा) हा धर्माशी संबंध नसलेला वेगळा विचार आहे, असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. 1987 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानाचा निर्मितीवादाला वर्गात जागा देणारा कायदा रद्द केला. तेव्हा 'ऑफ पांडाज अँड पीपल' या पाठ्यपुस्तकाचे खर्डे तयार होत होते. आधीच्या खर्ड्यांत जिथे 'निर्मिती' होती, तिथे निकालानंतर 'इंटेलिजंट डिझाइन' आलं. व्याख्या तीच राहिली.

हे खर्डे पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या खटल्यात उघड झाले. तिथल्या शाळा मंडळाने 2004 मध्ये ठरवलं होतं की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचून दाखवायचं: डार्विनच्या सिद्धान्तात पोकळ्या आहेत, इंटेलिजंट डिझाइन हे वेगळं स्पष्टीकरण आहे, हवं त्याने 'ऑफ पांडाज अँड पीपल' पाहावं. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला आणि 11 पालक न्यायालयात गेले.

निवेदनातली उडी पाहा. 'इथे पोकळी आहे' वरून थेट 'म्हणून तिकडे पाहा'. विज्ञानात अशी उडी चालत नाही. तिथे प्रत्येक दाव्याला स्वतःचा पुरावा स्वतः आणावा लागतो आणि काय सापडलं तर आपण चुकलो ठरू, हेही सांगावं लागतं.

या खटल्यात जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी मांडलेलं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. माणसात गुणसूत्रांच्या, म्हणजे पेशीतल्या जनुकं वाहणाऱ्या धाग्यांच्या, 23 जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात 24. आपला पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? अख्खी गळून पडणं शक्य नाही, एवढी जनुकं गमावून जीव जगणारच नाही. मग एकच शक्यता उरते, दोन गुणसूत्रं जोडली गेली असणार. तसं असेल तर खुणा राहायला हव्यात. गुणसूत्राच्या टोकांना टेलोमिअर नावाचा ठरावीक डीएनए असतो. तो या जोडलेल्या गुणसूत्राच्या मधोमध सापडायला हवा. आणि गुणसूत्रबिंदू, म्हणजे गुणसूत्राचा आवळलेला भाग, एक असतो, इथे दुसऱ्याचा अवशेषही दिसायला हवा. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात दोन्ही खुणा सापडल्या. उरलेलं गुणसूत्र चिंपांझीच्या दोन गुणसूत्रांशी ओळीने जुळतं. हे सापडलं नसतं तर समान पूर्वजाची कल्पना अडचणीत आली असती.

आता हाच प्रश्न निर्मितीवादाला विचारा. निर्मात्याने 23 जोड्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, 24 दिल्या तरी. खुणा असल्या तरी त्याची इच्छा, नसल्या तरी त्याचीच. काहीही सापडलं तरी जो दावा टिकतो, तो प्रयोगशाळेत तपासणार कसा? श्रद्धा म्हणून त्याला माझा काहीच विरोध नाही, विज्ञानाच्या तासाला आहे. मिलर स्वतः कॅथलिक आहेत, त्यामुळे याला आस्तिक-नास्तिक भांडणाचं रूप देणं मला अजिबात मान्य नाही.

शाळा मंडळाच्या बाजूने जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बिही यांनी जीवाणूच्या शेपटीचा दाखला दिला: एक भाग काढला तरी ती चालत नाही, म्हणजे ती टप्प्याटप्प्याने बनलीच नसणार. तिच्यातल्या काही प्रथिनांसारखीच प्रथिनं काही जीवाणूंमध्ये दुसऱ्या पेशीत विष टोचायचं काम करतात, हे खटल्यात दाखवलं गेलं. पण घटकाभर धरू की बिहींचं बरोबर. तरी सिद्ध एवढंच होतं की एक वाट अजून सापडलेली नाही. शेपटी कुणी, केव्हा, कशी बनवली, यावर एक अक्षरही त्यातून निघत नाही. न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी 20 डिसेंबर 2005 च्या 139 पानी निकालात इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही असं स्पष्ट म्हटलं.

आपल्याकडे जानेवारी 2018 मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात म्हणाले की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी त्याचा लेखी निषेध केला. ती दोन गुणसूत्रं जोडली जातानाही कुणी पाहिलेली नाहीत. खूण मात्र वाचणाऱ्याच्या प्रत्येक केंद्रक असलेल्या पेशीत आहे. दशावतारात उत्क्रांती शोधणारे संदेशही तपासता येईल असा पुरावा देत नाहीत, म्हणून मला खटकतात. अवतारांच्या कथा मुलांना जरूर सांगा, पण त्यांना डार्विनचा दाखला जोडू नका.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सीबीएसई शाळांची पुस्तकं तयार करणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढून टाकला. 2023 मध्ये 1,800 हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी खुलं पत्र लिहून तो परत मागितला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, पण दहावीनंतर वाणिज्य किंवा कला शाखेला गेलेली मुलं तिथपर्यंत पोचत नाहीत. तो भाग दहावीत परत घ्यावा, आणि दुसऱ्या गुणसूत्राची आकृती त्यात पानभर छापावी.