रानात जाणाऱ्या गाडीची बॅटरी बदलताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

थार, गुरखा, जिप्सी, बोलेरो कॅम्पर किंवा घरची जुनी डिझेल जीप घेऊन कुणी बॅटरी बदलायला आलं की आम्ही पहिल्यांदा विचारतो, इंजिन बंद असताना या गाडीवर काय काय चालतं? उत्तर 'काहीच नाही' असेल, तर एक चांगली आणि नीट बसवलेली बॅटरी तुम्हाला पुरते, मग गाडी कितीही आडरानात जाऊ दे. दुसरी बॅटरी, आयसोलेटर (दोन बॅटऱ्या एकमेकींपासून तोडणारा स्विच), लिथियम बॅटरी हा सगळा खर्च ज्यांच्या गाडीवर रात्रभर फ्रिज, दिवे, पंखा चालतो त्यांच्यासाठी आहे. हा फरक कळला नाही तर पैसे नको तिथे जातात, आणि गाडी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पुन्हा बंद पडतेच.

बॅटरी खरंच गेली आहे का?

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी सेल्फ मारायच्या आधी, दार उघडून आतले दिवे लागण्याच्याही आधी, टर्मिनलवर मल्टीमीटर लावा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.६ व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळजवळ उतरलेली. मग सेल्फ मारताना आकडा बघा. भरलेली बॅटरीसुद्धा सेल्फ मारताना १० व्होल्टच्या खाली जाऊन रेंगाळत असेल, तर आतल्या प्लेटा थकल्या आहेत.

१२.२ दिसलं म्हणून लगेच नवीन घेऊ नका. इंजिन सुरू करून पुन्हा मोजा. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरवर, म्हणजे आपण ज्याला डायनॅमो म्हणतो त्यावर, १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यायला हवा. तो येत नसेल तर दोष चार्जिंगचा आहे, आणि नवी बॅटरीही काही दिवसांत अशीच उतरेल. चार्जिंग बरोबर असूनही रोज सकाळी बॅटरी उतरलेली मिळते, तर गाडी बंद असताना कुठेतरी करंट गळतोय. सगळं बंद करून गाडी झोपली की ही गळती ५० मिलिअँपिअरच्या आत हवी. बाहेरून बसवलेले जीपीएस, कॅमेरे आणि जादा लाइटचे रिले इथे बहुतेक वेळा सापडतात. ही तपासणी आम्ही बॅटरी विकण्याआधी करतो, आणि बॅटरी ठीक निघाली तर तसं स्पष्ट सांगतो.

आपल्याकडचं ऊन

बॅटरीच्या जाहिरातीत सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर, म्हणजे थंडीत सेल्फ मारायची ताकद) हा आकडा मोठ्या अक्षरात असतो. तो उणे १८ अंशांवर मोजलेला असतो: त्या थंडीत बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देते आणि तरी ७.२ व्होल्टच्या खाली जात नाही, याची ती परीक्षा आहे. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतही पहाटेचा पारा सहसा १० अंशांच्या वर असतो. म्हणून कंपनीने दिलेल्या सीसीएपेक्षा खाली जाऊ नका, पण केवळ तो आकडा मोठा आहे म्हणून दीड पट किंमतही देऊ नका.

आपल्याकडे बॅटरी मारतं ते ऊन. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असतात आणि बोनेटखाली डिझेल इंजिनची धग त्याहून कितीतरी जास्त असते. तापमान १० अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. उन्हाने पाणी उडतं, आतल्या जाळ्या गंजतात. नुकसान उन्हाळ्यात होतं, पण गाडी बंद पडते ती पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात, आणि दोष थंडीला लागतो.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बॅटरीभोवती कंपनीने दिलेलं उष्णतारोधक आवरण. ते मेकॅनिकने काढून फेकलं असेल तर आधी परत बसवून घ्या. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर मार्च ते जून दर महिन्याला पाणी बघा. पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरचं पाणी तर नकोच, घरच्या फिल्टरचंही नको. त्यातले क्षार एकदा आत गेले की ते बाहेर काढायचा मार्ग नाही.

एकच बॅटरी घालायची तर

माप आणि टर्मिनलची बाजू आधी जुळवा. एकाच क्षमतेच्या बॅटरीत पॉझिटिव्ह डावीकडे असलेली आणि उजवीकडे असलेली अशा दोन्ही मिळतात. चुकीची घेतली तर केबल पुरत नाही, किंवा ओढून-ताणून बसवावी लागते आणि खड्ड्यात घासून शॉर्ट होते. उंचीही बघा. टर्मिनलवर मळलेल्या कणकेचा गोळा ठेवून बोनेट हळूच बंद करा आणि उघडा. गोळा पार चपटा झाला तर ती बॅटरी त्या गाडीला घालू नका.

ट्रॅक्टरची बॅटरी जीपला चालेल का, असं गावाकडचे ग्राहक हमखास विचारतात. जागेत बसत असेल, क्लॅम्प नीट लागत असेल, तर जुन्या जीपला चालते. इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी मात्र गाडीत घालू नका. ती हळूहळू करंट देण्यासाठी बनवलेली असते, सेल्फचा एकदम येणारा झटका आणि रानातले धक्के हे तिचं काम नव्हे.

धक्क्यांचा मुद्दा इथे मोठा आहे. नांगरटीतून, ओढ्यातल्या दगडांवरून गाडी गेली की प्लेटांवरचा लेप सुटून तळाशी साचतो आणि एखादा सेल शॉर्ट होतो. क्लॅम्प सैल असेल तर हे फार लवकर होतं. हाताने जोर लावून हलवल्यावर बॅटरी तसूभरही हलता कामा नये. क्लॅम्पऐवजी सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधलेल्या गाड्या आमच्याकडे येतात. कृपया तसं करू नका.

गाडी खरोखरच खडकाळ वाटेवर जात असेल तर एजीएम बॅटरीचे जादा पैसे द्यायला हरकत नाही. तिच्यात आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत धरून ठेवलेलं असतं, प्लेटा घट्ट दाबलेल्या असतात, गाडी तिरकी झाली तरी आम्ल सांडत नाही. पण ती सीलबंद आहे. जुन्या गाडीचा रेग्युलेटर १५ व्होल्टपर्यंत जात असेल तर तिचं पाणी उडतं, आणि ते भरता येत नाही. म्हणून एजीएम घालण्याआधी रेग्युलेटर तपासायलाच हवा. सिग्नलवर आपोआप बंद होणाऱ्या नव्या गाडीत कंपनीने ईएफबी (साध्या बॅटरीचाच जास्त दणकट प्रकार) किंवा एजीएम दिलेली असते. तिथे साधी बॅटरी घालून पैसे वाचवायला जाऊ नका.

विंच असलेल्यांसाठी

साडेनऊ हजार पौंडांचं विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं मोटारीचं यंत्र) पूर्ण ताणावर ४०० अँपिअरच्या आसपास ओढतं. अल्टरनेटर फार तर ९० ते १२० देतो, बाकीचं बॅटरीतून जातं. एका मिनिटात साडेसहा-सात अँपिअर-तास (बॅटरीतला साठा मोजायचं माप) जातात, म्हणजे साठा फार लागत नाही. लागते ती एकदम मोठा करंट देण्याची ताकद. म्हणून विंच मुख्य स्टार्टिंग बॅटरीवरच घ्या आणि इंजिन चालू ठेवूनच ओढा. काळ्या चिखलात रुतलेली गाडी सलग ओढू नका. मिनिटभर ओढलं की थांबा, मोटारही निवू द्या. केवळ विंच आहे म्हणून दुसरी बॅटरी घ्यायची गरज सहसा पडत नाही.

दुसरी बॅटरी कधी?

हुरड्याच्या दिवसांत शेतावर दोन रात्री मुक्काम आहे, असं धरून हिशेब करू. ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५ वॅट घेतो आणि अर्धा वेळ चालतो असं धरलं, तर दिवसाला साधारण ४५ अँपिअर-तास झाले. २० वॅटचे एलईडी दिवे पाच तास, ते आठ. मोबाइल आणि कॅमेऱ्याचं चार्जिंग सात-आठ धरा. एकूण दिवसाला ६०. हे सगळं स्टार्टिंग बॅटरीवर टाकलं तर सकाळी सेल्फ फक्त टक-टक करेल. शिवाय स्टार्टिंग बॅटरी अशी चार-सहा वेळा तळापर्यंत उतरली की ती कायमची अर्धी होते.

लेड-ॲसिडचा निम्माच साठा वापरावा, म्हणजे ६० साठी १२० अँपिअर-तासांची डीप-सायकल (खोलवर उतरून पुन्हा भरायला बनवलेली) बॅटरी लागेल. तिचं वजन ३० किलोच्या पुढे जातं. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये ऐंशी-नव्वद टक्के साठा वापरता येतो, त्यामुळे १०० ची पुरते आणि तिचं वजन १२ किलोच्या आसपास असतं. आठवड्याला मुक्काम करणाऱ्याला लिथियम परवडते. वर्षातून दोनदा जाणाऱ्याला आम्ही लिथियम सुचवत नाही, त्याने बर्फाचा डबा न्यावा.

भरण्याचाही हिशेब तितकाच महत्त्वाचा आहे, आणि तो बहुतेक जण विसरतात. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरच्या करंटवर दुसरी बॅटरी नीट भरणारं यंत्र) ६० अँपिअर-तास भरायला दोन तास घेतो. सोलापूरहून पुण्याला जाताना वाटेतच भरून होईल. पण शेतावर गाडी दिवसातून अर्धा तासच हलणार असेल तर जेमतेम १५ परत जातील. तिथे टपावर १०० वॅटचं सोलर पॅनल लावा. आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात ते दिवसाला ३० च्या आसपास देतं.

जुनी आणि नवी बॅटरी थेट समांतर जोडून 'डबल' करायची मागणी येते. आम्ही ती जोडणी करून देत नाही. कमजोर बॅटरी चांगलीला खाली ओढते आणि शेवटी दोन्ही जातात. दोन्ही लेड-ॲसिड असतील आणि अल्टरनेटर जुन्या पद्धतीचा असेल, तर व्होल्टेजवर चालणारा रिले पुरतो: साधारण १३.३ व्होल्टला तो जोडतो, १२.८ ला तोडतो. बीएस-६ गाड्यांचे स्मार्ट अल्टरनेटर मात्र व्होल्टेज मुद्दाम खाली-वर करतात, रिले मधेच सुटतो आणि दुसरी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. तिथे डीसी-डीसी चार्जरच लागतो.

लिथियमला तर कोणत्याही गाडीत डीसी-डीसी हवाच. थेट जोडली तर ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. ती बोनेटखाली बसवू नका. जास्त तापमानात तिचा बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट) स्वतःला वाचवायला चार्जिंग तोडतो. जागा सीटखाली किंवा मागे, उन्हापासून दूर. हिवाळ्यात लडाख-स्पितीला जाणार असाल तर शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. हे विकत घेतानाच विचारा, काही बॅटऱ्यांत आतून गरम करण्याची सोय असते.

वायर आणि फ्यूज

आमचं सगळ्यात जास्त भांडण इथे होतं, कारण वायर दिसत नाही आणि बिलात मात्र दिसते. विहिरीवरच्या मोटारीला लांबून बारीक केबल ओढली की मोटार उचलत नाही, तसंच गाडीत होतं, फक्त इथे व्होल्ट १२ च असल्यामुळे नुकसान फार मोठं. बॅटरी मागे असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं धरा. १५० अँपिअर ओढताना १६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये दीड व्होल्टहून जास्त वाया जातं, ३५ च्या केबलमध्ये पाऊण. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते. टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर ती घेऊ नका.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी असेल तर दोन्हीकडे फ्यूज हवा, कारण केबल मध्ये कुठेही घासली तरी दोन्ही बाजूंनी करंट येतो. थिंबल (केबलच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) हातोडीने ठोकून बसवू नका, क्रिंपिंगच्या पान्याने दाबून घ्या. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असलेल्या गाडीत जादा उपकरणांची निगेटिव्ह वायर बॉडीला द्या, थेट टर्मिनलला नको, नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला बॅटरीचा हिशेब चुकीचा कळतो. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. पान्याचा बॉडीला धक्का लागला तरी ठिणगी पडत नाही.

घेताना आणि देताना

बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना आमच्यासमोर वाचून घ्या आणि १२.५ च्या खाली असलेली बॅटरी नवी म्हणून स्वीकारू नका. वॉरंटी '२४ अधिक २४' लिहिलेली असते तेव्हा पहिल्या २४ महिन्यांत बदलून मिळते, पुढच्या २४ मध्ये फक्त ठरावीक सवलत मिळते. कार्डावर गाडीचा नंबर, तारीख आणि शिक्का आहे का ते दुकानातच बघा. वायरिंग वाढवलं असेल तर विमा कंपनीला कळवून विद्युत उपकरणांचा वेगळा उल्लेख पॉलिसीत करून घ्या.

जुनी बॅटरी आमच्याकडेच द्या. तिच्या वजनाप्रमाणे आम्ही बिलातून रक्कम वजा करतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवी. फोडून शिसं काढणाऱ्याला दिली तर आम्ल आणि शिसं दोन्ही मातीत जातं. येताना बॅटरीच्या ट्रेचा, टर्मिनलचा आणि जुन्या लेबलचा फोटो मोबाइलवर घेऊन या, आणि गाडीवर रात्री काय काय चालतं ते एका कागदावर वॅटसकट लिहून आणा. म्हणजे योग्य बॅटरी एका खेपेतच ठरवता येईल.