इंग्रजीने जसेच्या तसे उचललेले जर्मन शब्द

स्थलांतराचे दिवस जवळ आले की युरोपातील काही छोटे पक्षी पिंजऱ्यातही रात्री झोपेनासे होतात. एरवी ते दिवसा वावरणारे आणि अंधार पडला की गप्प बसणारे असतात. अन्नपाणी मुबलक असते, थंडीची भीती नसते, तरीही ते दांडीवर बसल्या जागी पंख फडफडवतात, या दांडीवरून त्या दांडीवर उड्या मारतात आणि त्यांचे रानातले सोबती ज्या दिशेने निघालेले असतात, नेमक्या त्याच बाजूला पुन्हापुन्हा झेपावतात. जर्मन पक्षिनिरीक्षकांनी ही तगमग अठराव्या शतकाच्या अखेरीसच टिपली होती. तिला मिळालेले ‘त्सूगउनरूहे’ हे नाव आज इंग्रजीत लिहिलेल्या शोधनिबंधांतही भाषांतर न करता वापरले जाते.

या शब्दाचे दोन तुकडे आहेत. ‘उनरूहे’ म्हणजे अस्वस्थता. ‘रूहे’ म्हणजे शांतता आणि ‘उन’ हा आपल्या ‘अ’सारखा नकार. ‘त्सूग’ मात्र बहुरूपी आहे. मुळात तो ‘ओढणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला. इंजिन ओढते म्हणून आगगाडी म्हणजे त्सूग, बुद्धिबळातली खेळी म्हणजे त्सूग, आणि पक्ष्यांचे स्थलांतरही त्सूगच. (बुद्धिबळात जी खेळी करावी ती अंगाशीच येईल, पण खेळी तर करणे भाग, अशा कोंडीला ‘त्सूगत्स्वांग’ म्हणतात, आणि हाही शब्द जगभरचे खेळाडू तसाच वापरतात.) इंग्रजीत त्सूगउनरूहेचा अर्थ ‘स्थलांतरपूर्व अस्वस्थता’ असा दोनतीन शब्दांत सांगतात. मराठी माणसाला मात्र या शब्दाच्या गाभ्यापर्यंत पोचायला फार सायास पडू नयेत, कारण ‘ओढ’ हा आपला शब्द नेमक्या त्याच क्रियेपासून झालेला आहे आणि त्यात मनाची तगमग आधीच भरलेली आहे.

आता थोडे व्याकरण. जर्मन जोडशब्दात शेवटचा घटक मुख्य असतो, शब्दाचे लिंग तोच ठरवतो, आणि उच्चारातला जोर मात्र बहुधा पहिल्या घटकावर पडतो. आपल्या शाळेतला तत्पुरुष समास तो हाच. ‘राजवाडा’ हा वाडाच असतो, राजा नव्हे. युरोपीय विद्वानांना संस्कृत व्याकरणाची ओळख झाली तेव्हा त्यांना समासांचे हे वर्गीकरण इतके सोयीचे वाटले, की ‘बहुव्रीही’ हा शब्द आजही जर्मन व्याकरणाच्या पुस्तकांत छापला जातो. त्याचे एक गोड उदाहरण पक्ष्यांतच सापडते. रॉबिन या पक्ष्याला जर्मनमध्ये ‘रोटकेल्शेन’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘तांबडा गळुला’. गळा तांबडा असतो, पण शब्द गळ्याचा नसून तो गळा ज्याचा आहे त्या पक्ष्याचा आहे. मराठीतला नीलपंख असाच, आणि आपला अंगणातला लालबुड्या बुलबुल तर याच घराण्यातला, फक्त जरा कमी लाजरा. याच रोटकेल्शेनच्या त्सूगउनरूहेचा उपयोग करून फ्रँकफर्टमधील व्होल्फगांग व्हिल्चको यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले, की पिंजऱ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र विद्युत वेटोळ्यांनी वळवले तर पक्ष्यांच्या झेपावण्याची दिशाही वळते.

घटक जोडताना जर्मनमध्ये मध्येच एखादा ‘स’ येऊन बसतो. ‘लीबे’ म्हणजे प्रेम, ‘ब्रीफ’ म्हणजे पत्र, पण प्रेमपत्र मात्र ‘लीबसब्रीफ’. हा ‘स’ मूळचा षष्ठीचा प्रत्यय होता; राजाचा पुत्र या अर्थाच्या शब्दात तो आजही आपले काम चोख करतो. लीबे मात्र स्त्रीलिंगी असून तिच्या षष्ठीत ‘स’ येतच नाही. म्हणजे प्रत्ययाचा अर्थ गळून पडला आणि उरला तो निव्वळ डिंक. संस्कृतात विभक्ती न गाळता होणाऱ्या समासाला ‘अलुक्’ म्हणतात, जसे ‘युधि’ ही सप्तमी तशीच ठेवून झालेला युधिष्ठिर. पण तिथे विभक्तीचा अर्थ शाबूत असतो. जर्मनचा डिंक त्यापुढची पायरी गाठतो, आणि माझ्या मते या भाषेची शब्द घडवण्याची सहजता बरीचशी त्यातच आहे. जोड कुठे आहे हे तो ऐकणाऱ्याला सांगतो आणि स्वतः अर्थात लुडबुड करत नाही.

ही सहजता सरकारी कचेरीच्या हाती पडली की काय होते, याचा नमुना मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या राज्याने १९९९ साली दिला. वेड्या गायींच्या रोगाच्या भीतीमुळे गोमांसाच्या लेबलांवर देखरेख ठेवण्याची कामे कोणाकडे सोपवायची, हे ठरवणाऱ्या कायद्याला ६३ अक्षरांचे एकच नाव होते. ते शेवटाकडून उलगडले तर ‘कायदा, सोपवण्याचा, कामे, देखरेखीची, लेबले लावण्यावरच्या, गोमांसाला’ असा सरळ अर्थ लागतो, आणि मध्ये तीन ठिकाणी तो डिंकाचा ‘स’ही भेटतो. २०१३ साली कायदा रद्द झाला आणि त्याबरोबर तो शब्दही गेला. अशा शब्दांची चेष्टा करणे सोपे आहे. इंग्रजीही घटकांना घटक जोडतेच, पण बहुतेक वेळा मध्ये जागा सोडते, म्हणून लांबी डोळ्यांत भरत नाही.

मग इंग्रजीला काही शब्द जसेच्या तसे का उचलावे लागले? मला वाटते, वाक्यात सांगता येणारी गोष्ट जर्मनने नामात कोंबली आणि शास्त्रज्ञाला नामच हवे असते. नामाला मोजता येते, आलेखाच्या अक्षावर मांडता येते, ते कमीजास्त झाले असे म्हणता येते. ‘पक्षी रात्री तगमगतो’ हे निरीक्षण झाले. ‘त्सूगउनरूहे किती रात्री टिकली’ हा प्रयोग झाला. असा प्रयोग अमेरिकेत स्टीफन एमलेन यांनी अगदी घरगुती साहित्यातून उभा केला. १९६६ साली त्यांनी वर्णन केलेल्या पिंजऱ्यात नसराळ्याच्या आकाराच्या भिंतींना टीपकागद लावलेला होता आणि तळाशी शाईची गादी होती. पक्षी ज्या बाजूला झेपावेल त्या बाजूला त्याच्या पायांचे ठसे उमटत. हे पिंजरे त्यांनी तारांगणात नेले. १९७० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आकाश ध्रुवताऱ्याऐवजी मृगातल्या काक्षी या ताऱ्याभोवती फिरताना पाहत वाढलेल्या पिल्लांनी मोठेपणी काक्षीलाच उत्तर मानून आपली दिशा ठरवली. पिल्ले ताऱ्यांची चित्रे पाठ करत नव्हती. आकाश कोणत्या बिंदूभोवती फिरते, तेवढे ती हेरत होती.

दुसरा शब्द ‘त्साइटगेबर’. ‘त्साइट’ म्हणजे वेळ, ‘गेबर’ म्हणजे देणारा. युर्गेन आशोफ यांनी १९५४ साली तो अशा बाह्य खुणांसाठी वापरला, ज्यांच्या आधाराने शरीर आपले आतले घड्याळ लावून घेते. सूर्यप्रकाश ही त्यांतली सर्वांत बलवान खूण. बायर्नमधील आंडेक्स या गावी त्यांनी आणि र्‍युटगर वेव्हर यांनी जमिनीखाली खोल्या बांधल्या, आणि तिथे स्वयंसेवक घड्याळ, खिडकी आणि बातम्या यांच्याविना काही आठवडे राहत. त्यांची झोपेजागेची फेरी बहुधा २५ तासांच्या आसपास जाई. पुढे पुष्कळ वर्षे मानवी दिवस २५ तासांचा म्हणून सांगितला गेला, पण एक गफलत राहिली होती. खोलीतले दिवे लावणे-विझवणे स्वयंसेवकांच्या हाती होते, आणि उशिरापर्यंत जळणारा दिवाच घड्याळाला मागे ढकलत होता. १९९९ साली अमेरिकेत चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी मंद प्रकाशात काटेकोर मोजणी केली तेव्हा उत्तर सुमारे २४ तास ११ मिनिटे आले. ज्या इमारतीतून सगळे त्साइटगेबर हद्दपार केले असे वाटत होते, तिथे एक दिव्याच्या रूपाने छतालाच टांगलेला होता.

देशाबाहेर गेलेले असे शब्द अर्थाने बारीक होतात, हे पाहण्यासारखे आहे. जर्मनमध्ये ‘उमव्हेल्ट’ म्हणजे साधे पर्यावरण; पर्यावरण मंत्रालयाच्या पाटीवरही तोच शब्द असतो. याकोब फॉन उक्स्क्युल यांनी १९०९ साली त्याला प्राण्याच्या इंद्रियांना जाणवते तेवढे जग असा खास अर्थ दिला. गोचिडीच्या जगात त्यांनी जेमतेम तीन गोष्टी मोजल्या: सस्तन प्राण्याच्या कातडीतून येणारा ब्युटिरिक आम्लाचा वास, केसांचा स्पर्श आणि उष्णता. इंग्रजीने हा खास अर्थ तेवढा घेतला आणि साधा अर्थ मागे ठेवला. ‘आंग्स्ट’चेही तेच: जर्मन मूल कुत्र्याला भिते तीही आंग्स्टच, पण इंग्रजीत तो शब्द अस्तित्वाच्या काळजीपेक्षा कमी कशाला हात लावत नाही. ‘ब्रेम्सश्ट्रालुंग’ म्हणजे शब्दशः ‘ब्रेक लागल्याचे प्रारण’. वेगवान इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या अणुकेंद्राजवळून जाताना मंदावतो आणि गमावलेली ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपाने सोडतो, हे वर्णन नावातच आहे, पण इंग्रजी विद्यार्थ्याला ते नाव मंत्रासारखे पाठ करावे लागते. गणितज्ञ डाव्हिड हिल्बर्ट यांनी १९०४ साली वापरलेल्या ‘आयगेनव्हेर्ट’ या संज्ञेचे तर इंग्रजीत ‘आयगेनव्हॅल्यू’ असे अर्धेच भाषांतर झाले. ‘व्हेर्ट’चे मूल्य झाले आणि ‘स्वतःचे’ या अर्थाचा ‘आयगेन’ तसाच राहिला.

भावनांच्या शब्दांबाबत मात्र सावध राहावे. ‘शाडेनफ्रॉइडे’, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा आनंद, हे नाम इंग्रजीत नव्हते म्हणून इंग्रज तो आनंद घेत नव्हते, असे कोणी म्हणू नये. प्राचीन ग्रीकमध्ये त्याला शब्द होता, अ‍ॅरिस्टॉटलने तो वापरला आहे. २००९ साली जपानमधील संशोधकांनी मेंदूच्या प्रतिमा घेतल्या तेव्हा, ज्याचा हेवा वाटतो त्याच्यावर संकट आल्याचे वाचताना बक्षिसाशी संबंधित असलेला व्हेंट्रल स्ट्रायटम हा भाग उत्तेजित झाला, आणि ज्यांना जास्त हेवा वाटला होता त्यांच्यात तो प्रतिसादही जास्त होता. मराठीत याला नाम नाही, पण ‘बरी जिरली!’ या दोन शब्दांत तो आनंद आणि समाधानाचा सुस्काराही येतो. तसेच ‘ओरव्हुर्म’, शब्दशः कानातला किडा, म्हणजे डोक्यातून न जाणारे गाणे. आपण ‘गाणे डोक्यात घोळते’ म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो.

कधीकधी उलटेही घडले. घराच्या ओढीला जर्मनभाषक ‘हाइमव्हे’ म्हणत. स्वित्झर्लंडचे भाडोत्री सैनिक परदेशात तिने खंगत. १६८८ साली बाझेल येथे योहानेस होफर या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने तिच्यावर प्रबंध लिहिताना ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून नवे नाव घडवले. ते नाव नॉस्टॅल्जिया. आज तो रोग राहिला नाही आणि जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांनाही पुरतो.

परदेशी शब्दांची ही देवाणघेवाण एकतर्फीही नाही. जर्मनीत मोबाइलला ‘हँडी’, प्रोजेक्टरला ‘बीमर’ आणि जुन्या जमान्यातल्या जपून ठेवलेल्या मोटारीला ‘ओल्डटायमर’ म्हणतात. तिन्ही शब्द ऐकायला अस्सल इंग्रजी आहेत, आणि या अर्थांनी ते लंडनमध्ये उच्चारले तर समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो.