कौल चढायला शतक उलटलं: ओकिनावातल्या एका जितोदाईच्या घराची पार्श्वभूमी

ओकिनावा बेटावर किता-नाकागुसुकु गावात नाकामुरा घराण्याचं जुनं घर आहे. बघणाऱ्याची नजर आधी छपरावर जाते. लाल कौलं, त्यांच्या सांध्यांवर थापलेला पांढराशुभ्र चुना आणि वर बसलेला शीसा, म्हणजे सिंहासारखा राखणदार. फोटोतही हेच छप्पर येतं. पण घर बांधलं गेलं 18व्या शतकाच्या मध्याला आणि कौलं चढली 19वं शतक सरता सरता. मधल्या काळात परिसरातल्या सगळ्यांत वजनदार माणसाच्या डोक्यावर गवताचं शाकारलेलं छप्पर होतं. ऐपत होती, मुभा नव्हती.

ही अडवणूक समजायची तर र्‍युक्यू राज्याची, म्हणजे तेव्हा ओकिनावा आणि आसपासच्या बेटांवर असलेल्या वेगळ्या राज्याची, घडी पाहावी लागते. राजा शो शिन (कारकीर्द 1477 ते 1526) याने ठिकठिकाणचे सरदार गढ्यांवरून उठवून राजधानी शुरीत आणून बसवले. पुढे मुलखाची वाटणी ‘मागिरी’ नावाच्या विभागांत झाली; आपल्याकडचा परगणा म्हणा. मागिरीचा धनी ‘जितो’, पण तो राहायचा शुरीत. गावाकडे त्याच्या जागी काम बघायचा तो जितोदाई, अर्थात जितोचा बदली माणूस. सारा गोळा करणं, शुरीचे हुकूम गावोगाव पोहोचवणं, हे सगळं त्याच्या गळ्यात. मात्र तो शेतकरीच गणला जाई. अधिकार हातात, पण दर्जा रयतेचा.

आणि दर्जाप्रमाणे घर, हा कायदा होता. 1737 च्या हुकमाने सामान्य शेतकऱ्याचं मुख्य घर 4 केन बाय 3 केन, म्हणजे साधारण 24 फूट बाय 18 फूट, एवढ्यावर बांधून टाकलं होतं. कौलंही त्याला वर्ज्य. नाकामुरांचं घर या मापात मावत नाही, तेव्हा पदामुळे काही सूट मिळाली असावी. तरी आतल्या तातामीच्या, म्हणजे जाड गवती चटया अंथरलेल्या, खोल्या मोजून पाहा: एकही सहा चटयांहून मोठी नाही. शेतकऱ्याला त्याहून मोठी खोली चालत नसे, असं सांगतात.

घराण्याची कथा याहून जुनी. मूळ पुरुष गढ्या बांधणाऱ्या गोसामारू या सरदाराचा गुरू होता आणि त्याच्यासोबतच नाकागुसुकुला आला, अशी आख्यायिका आहे. 1458 मध्ये गोसामारू पडला आणि घराण्याची पांगापांग झाली. 1720 च्या सुमारास जितोदाईचं पद मिळालं, तेव्हा कुठे बस्तान पुन्हा बसलं.

आवार मात्र पदाला साजेसं. उतार खोदून घर खोलगट जागी बसवलंय. भोवती चुनखडीच्या दगडांची भिंत आणि फुकुगीच्या झाडांची दाट रांग. वादळाचा मारा तिथेच अडतो. आत शिरताच ‘हिनपुन’ ही आडवी भिंत समोर येते. घर नजरेआड राहतं आणि भुतंखेतंही सरळ आत येत नाहीत, अशी समजूत. पुरुषांनी उजवीकडून जायचं, बायकांनी डावीकडून, थेट स्वयंपाकघराकडे. बाजूला ‘आशागी’: शुरीहून फेरीवर आलेल्या अधिकाऱ्यांना उतरायची जागा. म्हणजे हुकूम देणाऱ्याचा पाहुणचारही जितोदाईनेच करायचा! धान्याचं कोठार खांबांवर उचललेलं. त्याचा वरचा भाग बाहेर झुकता, म्हणजे चढणारा उंदीर तिथून घसरतो. पलीकडे ‘फूरू’, दगडी डुकरखाना, तोच शौचकूपही. गोव्यातल्या जुन्या घरांत वावरलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

नियम मोडला तर काय व्हायचं, ते याच राज्यातल्या इशिगाकी बेटावरच्या मियारा घराण्याने अनुभवलं. 1819 मध्ये त्यांनी शुरीच्या उमरावांच्या धर्तीवर वाडा उठवला. तो पाडण्याचे हुकूम पुन्हा पुन्हा आले, त्यांनी ते कानाआड केले. अखेर 1875 मध्ये कौलं उतरवून गवत चढवावं लागलं. गंमत अशी की चारच वर्षांनी, 1879 मध्ये, जपानने राज्यच खालसा केलं. घरांवरची बंधनं 1889 मध्ये उठली. मियारांची कौलं 1899 मध्ये परतली. नाकामुरांकडे ती याच सुमारास पहिल्यांदा चढली.

दुसऱ्या महायुद्धात, 1945 च्या लढाईत, ओकिनावातली असंख्य जुनी घरं राख झाली. हे घर वाचलं. 1956 मध्ये, ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात असताना, तिथल्या र्‍युक्यू सरकारने त्याला संरक्षण दिलं आणि 1972 मध्ये ओकिनावा जपानकडे परतल्यावर ते राष्ट्रीय महत्त्वाचा वारसा ठरलं, लाल कौलांसकट.