एपीएल हवी, पण कोणती?

१२, ०, ४५, ३. चार दिवसांच्या पावसाचे हे मिलिमीटरमधले आकडे. यातले किती दिवस पाऊस पडला? बहुतेक भाषांत यासाठी एक मोजणीचा व्हेरिएबल शून्यावर ठेवायचा, लूप लावायचा, एकेक आकडा तपासायचा आणि शून्याहून मोठा निघाला की मोजणी एकाने वाढवायची. एपीएल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एवढंच लिहितात:

+/०<१२ ० ४५ ३

ही ओळ उजवीकडून चालते. आधी चारही आकड्यांची शून्याशी एकदम तुलना होते आणि १ ० १ १ अशी रांग मिळते. मग '+/' त्या रांगेची बेरीज करतं. उत्तर ३. (इथे अंक देवनागरीत छापले आहेत, यंत्रावर इंग्रजी अंकच टाइप करायचे.) शाळेतला 'कंचेभागुबेव' इथे चालत नाही. सगळ्या क्रियांचा मान सारखा, म्हणून ३×४+५ चं उत्तर १७ नाही, २७ येतं. चारेक दिवस अडखळायला होतं, मग सवय होते.

ही चिन्हं मुळात संगणकासाठी नव्हतीच. केनेथ आयव्हर्सन या कॅनडियन गणितज्ञानं हार्वर्डमध्ये शिकवताना ती रचली, कागदावर आणि फळ्यावर लिहायला. १९६२ साली त्यावर त्याचं 'अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक आलं आणि पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरं भाषेला चिकटली. १९६४ मध्ये आयबीएमच्या सिस्टम/३६० या यंत्राची रचना याच चिन्हांत मांडून प्रसिद्ध झाली, आणि ती चिन्हं त्याच यंत्रावर प्रत्यक्ष चालायला १९६६ साल उजाडलं. म्हणजे आधी लिपी, मग यंत्र. त्यामुळे कागदावर जे मोघम राहिलं होतं, ते इंटरप्रिटर (म्हणजे कोडची ओळ वाचून लगेच चालवणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या बुद्धीनं ठरवावं लागलं. आज 'एपीएल शिकायची आहे' म्हटलं की 'कोणती?' हा प्रश्न येतो तो यामुळे.

आजच्या घडीला नवशिक्यासमोर मुख्यतः दोन नावं येतात. डायलॉग एपीएल ही ब्रिटिश कंपनीची, १९८३ पासून चालत आलेली. बिगरव्यावसायिक वापराला फुकट, पण कंपनीच्या मालकीची. दुसरी ग्नू एपीएल: युर्गेन झाउअरमान यांनी लिहिलेली, २०१३ मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघालेली, पूर्णपणे मुक्त. ती आयबीएमच्या एपीएल२ या जुन्या घराण्याला आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या प्रमाणाला धरून चालते. लोक इथे वेगाच्या तुलना काढून बसतात. माझ्या मते त्याआधी बोलीचा प्रश्न सोडवावा, आणि तो किती फसवा आहे हे एका चिन्हावरून कळतं.

दोन रांगांची एक रांग घ्या, (१ २ ३)(४ ५ ६), आणि तिच्यापुढे ⊃ लावा. डायलॉगमध्ये उत्तर येतं १ २ ३, कारण तिथे ⊃ म्हणजे 'पहिला घटक दे'. ग्नू एपीएलमध्ये त्याच ओळीला दोन ओळी आणि तीन स्तंभांचा तक्ता मिळतो, कारण तिथे ⊃ म्हणजे 'आतल्या रांगा उलगडून एकाखाली एक मांड'. ↑ या चिन्हाचं बरोबर उलट: डायलॉगमध्ये ते तक्ता मांडतं, ग्नूमध्ये पहिला घटक देतं. दोन्हीकडे एररचं नाव नाही! रांगेच्या पोटात रांग ठेवण्याची सोय आली ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तेव्हा दोन घराण्यांनी ही चिन्हं वेगवेगळी वाटून घेतली. डायलॉगनं यावर ⎕ML नावाचा एक खटका ठेवला आहे. त्याची किंमत ३ केली की ही दोन चिन्हं एपीएल२सारखी वागू लागतात. दुसऱ्याचा कोड आणून चालवणार असाल तर आधी हा खटका पाहावा, आणि ⎕IO सुद्धा. मोजणी शून्यापासून की एकापासून, हे तो ठरवतो.

त्यामानानं सरासरीचं उदाहरण प्रामाणिक. डायलॉगमध्ये (+/÷≢)१२ ० ४५ ३ असं लिहिलं की 'बेरीज भागिले संख्या' होऊन १५ मिळतात. ही जोडणी आयव्हर्सनच्याच नंतरच्या 'जे' (J) या भाषेतून २०१४ मध्ये डायलॉगमध्ये आली. ग्नू एपीएलला ती कळत नाही, पण निदान सिंटॅक्स एरर देऊन तसं सांगते तरी.

आता वेग. इंटरप्रिटर म्हटलं की संथ, हा समज इथे अर्धाच खरा. प्रत्येक क्रियेआधी इंटरप्रिटरला चिन्ह ओळखणं, आकड्यांचा प्रकार तपासणं ही उस्तवार करावी लागते. दहा लाख आकड्यांवर लूप फिरवला तर ती दहा लाख वेळा. पूर्ण अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांची अख्खी रांग, एकदम दिला तर एकदाच. पुढचं काम आतल्या कंपाइल झालेल्या कोडमध्ये, मेमरीत ओळीनं मांडलेल्या आकड्यांवर होतं, आणि प्रोसेसरला नेमकं तेच मानवतं. पायथनमध्ये नमपाय वापरणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. ती लायब्ररी याच वळणाची आहे.

पण अ‍ॅरे मेमरीत कसा ठेवायचा, यातही फरक असतो. पावसाच्या हिशेबातली १ ० १ १ ही रांग आठवा. डायलॉग अशा शून्य-एकाच्या रांगेतल्या प्रत्येक घटकाला फक्त एक बिट देतं. दहा लाख घटकांना सव्वा लाख बाइट पुरतात. प्रत्येकाला आठ बाइट दिले असते तर ऐंशी लाख लागले असते. मोठा डेटा असेल तर मी डायलॉगच्या बाजूनं झुकतो ते यासाठी. घरगुती गणितांना हा फरक जाणवणारही नाही, आणि कोड कुणालाही मोकळेपणानं द्यायचा असेल किंवा लिनक्सवर सगळं मुक्तच हवं असेल तर ग्नू उत्तम. विंडोजवाल्यांनी मात्र ग्नूच्या नादी लागण्याआधी लिनक्सची सोय करावी.

चालवताना पहिली अडचण कीबोर्डची. साठच्या दशकात आयबीएमच्या सिलेक्ट्रिक टाइपरायटरचा अक्षरांचा गोळा बदलून ही चिन्हं उमटवत. आता लिनक्समध्ये एपीएलचा लेआउट जोडायचा, अगदी मराठीसाठी इनस्क्रिप्ट जोडतो तसाच, आणि एक कळ दाबून अदलाबदल करायची. मराठी टाइप करणाऱ्याला यात नवं काही नाही. ज्यांना एवढंही नको त्यांच्यासाठी 'जे' ही भाषा आहे: आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांनी १९९० मध्ये आणलेली, साध्या कीबोर्डवर लिहिता येणारी, २०११ पासून मुक्त. स्वतःचीच चिन्हं तिच्यात आयव्हर्सननं सोडून दिली, आणि खरं सांगायचं तर तिचे टिंबं-अपूर्णविरामांनी भरलेले कोड वाचायला मला एपीएलपेक्षा जड जातात.

दुसरी अडचण वर्कस्पेसची. एपीएल तुमची फंक्शन्स आणि आकडे एका वर्कस्पेसमध्ये धरून ठेवते, आणि तो जसाच्या तसा सेव्ह करता येतो. सोयीचं आहे, पण डायलॉगची वर्कस्पेस फाइल ग्नूत उघडत नाही. म्हणून फंक्शन्स साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवाव्यात आणि फाइलच्या माथ्यावर ⎕IO व ⎕ML च्या किमती टिपाव्यात. ग्नूकडे नेताना ⊃ आणि ↑ शोधून एकेक ठिकाण हातानं तपासावं लागतं. सरसकट अदलाबदल करू नये, कारण दोन्ही चिन्हांना डाव्या बाजूला आकडा दिला की त्यांचा अर्थ निराळा होतो आणि तो दोन्ही बोलींत सारखाच आहे.