आलेख-विंडो व फोकस

आलेख-विंडो व फोकस : मॅटलॅब, सायलॅब, आयडीएल, आर यांसारख्या वैज्ञानिक प्रणालींत अनेक आलेख-विंडो उघड्या असताना पुढचे रेखाटन कोणत्या विंडोत उमटेल, कोणती विंडो इतरांच्या वर दिसेल आणि कीबोर्डवर टाइप केलेली अक्षरे कोठे जातील (म्हणजेच ‘फोकस’ कोणाकडे असेल), हे ठरविण्याची व्यवस्था. या तिन्ही बाबी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. पहिली प्रणालीच्या अखत्यारीत असते; उरलेल्या दोन्हींत शेवटचा शब्द विंडो मॅनेजरचा, म्हणजे पडद्यावरील विंडोंची मांडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा. तिन्हींना सरसकट ‘सक्रिय’ म्हणण्याच्या प्रघातामुळे बराच घोळ होतो, म्हणून येथे पहिल्या अर्थी ‘चालू विंडो’ असा शब्द योजला आहे.

चालू विंडोच्या कल्पनेचे मूळ दोन प्रकारे लावता येते. जीकेएस या आलेख-मानकात (आयएसओ 7942, 1985) ‘वर्कस्टेशन’ (रेखाटन जेथे उमटते ते साधन) सक्रिय करण्याची सोय होती, तिच्याशी साम्य उघड आहे. मात्र जीकेएसमध्ये एकाच वेळी अनेक वर्कस्टेशने सक्रिय ठेवता येत व रेखाटन त्या सर्वांवर उमटे. चालू विंडो एका वेळी एकच असते. त्यामुळे प्लॉटर (कागदावर पेनाने रेखाटणारे यंत्र) आणि 1970 च्या दशकातील टेक्ट्रॉनिक्स 4010 सारखी एकाच पडद्याची टर्मिनले यांच्याशी तिचे नाते अधिक जवळचे असावे. आरमध्ये आजही विंडोऐवजी ‘डिव्हाइस’ हाच शब्द आहे. तेथे पीडीएफ फाइल हेही डिव्हाइसच. ती चालू असू शकते, पण तिला फोकस देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. क्रमांक 1 ‘शून्य डिव्हाइस’साठी (एकही डिव्हाइस उघडे नसल्याची खूण) राखीव असून खरी डिव्हाइसे 2 पासून सुरू होतात.

आयडीएलमध्ये विंडो चालू करणारी ‘डब्ल्यूसेट’ आणि ती वर आणणारी ‘डब्ल्यूशो’ अशा दोन वेगळ्या कमांड आहेत. सायलॅबमधील ‘एससीएफ’ व ‘शो_विंडो’ यांची विभागणीही साधारण अशीच. मॅटलॅबची ‘फिगर(2)’ ही कमांड मात्र विंडो चालू करते आणि वरही आणते. ती लूपमध्ये घातली की प्रत्येक फेरीला आलेख पुढे उसळतो व दुसरीकडे टाइप करणाऱ्याचा खोळंबा होतो. ते टाळण्यासाठी सर्व आलेख-विंडो जिच्या पोटात येतात त्या मूळ वस्तूच्या (रूट) ‘करंटफिगर’ या गुणधर्मात थेट बदल करतात. या मूळ वस्तूचा निर्देश पूर्वी 0 या अंकाने होई. आर2014बी आवृत्तीपासून त्यासाठी ‘जीरूट’ आहे. पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिब या आलेख-संग्रहात विंडो वर आणणे बंद करण्याची सोय 3.3 आवृत्तीत (2020) आली. नूप्लॉट या आलेख-प्रोग्रॅमच्या एक्स11 (एक्स विंडो प्रणालीच्या) टर्मिनलला ‘रेझ’ (वर आणा) व ‘नोरेझ’ (वर आणू नका) असे पर्याय आहेत.

प्रणालीने फोकस मागितला तरी तो मिळेलच असे नाही. विंडोज 98 व 2000 पासून पार्श्वभूमीतील प्रोग्रॅमला सहसा पुढे येऊ दिले जात नाही. टास्कबारवरील त्याचे बटण नुसते लुकलुकते. युनिक्स-लिनक्सवरील एक्स विंडो प्रणालीत हे विंडो मॅनेजरगणिक बदलते : काहींत माउस जेथे तेथे फोकस, तर काहींत क्लिक करावे लागते.