बडोद्याचा पूर: आजवापासून काँसांपर्यंत

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदीने बडोद्यात 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती 35 फुटांच्याही वर गेली. समा, फतेहगंज, अकोटा, मुजमहुडा भागांतले तळमजले बुडाले. दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं: आजवा सरोवराचं पाणी सोडलं म्हणून पूर आला. हे खरं आहे, पण अर्धंच.

आजवा सरोवर सयाजीराव तिसऱ्यांच्या काळातलं. 1892 मध्ये ते पूर्ण झालं आणि शहराला नळाने पाणी मिळू लागलं. 1901 च्या जनगणनेत बडोद्याची लोकसंख्या जेमतेम 1 लाख 4 हजार होती. सरोवर भरलं की जास्तीचं पाणी विश्वामित्रीत जाणार, हे तेव्हापासूनच ठरलेलं. मात्र जुनं शहर, म्हणजे मांडवी आणि चार दरवाजांच्या आतली वस्ती, नदीपासून अंतर राखून पूर्वेला होतं. नदीच्या अगदी काठावर 1879 मध्ये उभी राहिली ती कमाटीबाग. बागेत पाणी शिरलं तर ते ओसरतं, संसार वाहून जात नाही. नदीकाठी काय असावं, याचं याहून चांगलं उदाहरण या शहराजवळ नाही, असं मला वाटतं.

पावागडच्या डोंगरातून उतरणारी ही नदी शहरात येईतो संथ होते. उतार कमी, पात्र नागमोडी. दोन्ही बाजूंना कोतरं, म्हणजे खोल घळी. पावसाळ्यात फुगवटा आला की पाणी या कोतरांत पसरून थांबे आणि नदी उतरली की सावकाश परत येई. शहराचं पावसाचं पाणी नदीत आणायला काँस, म्हणजे नाले, होते. भूखी काँस, रूपारेल काँस, मासिया काँस ही नावं बडोदेकरांना आजही ठाऊक आहेत. गोरवा, गोत्री, हरणी, तरसाळीची तळी पाण्याचा आणखी एक वाटा धरून ठेवत.

हे चित्र 1960 नंतर बदललं. कोयलीची रिफायनरी 1965 मध्ये सुरू झाली, खत आणि पेट्रोकेमिकल्सचे कारखाने आले, माणसं आली. 1978 मध्ये शहरी विकास प्राधिकरण स्थापन झालं. नगररचना योजनांमधून शेतजमिनींचे नीट चौकोनी प्लॉट पडत गेले. 2011 पर्यंत लोकसंख्या 16 लाखांवर गेली. या वाढीत कोतरांना पडीक जमीन समजलं गेलं. तिथे माती आणि बांधकामाचा राडारोडा पडला, भरावावर सोसायट्या उभ्या राहिल्या. काँस कुठे अरुंद झाले, कुठे त्यांच्यावर स्लॅब पडला. घर घेणाऱ्याला ब्रोशरमध्ये बाग दिसली, क्लबहाउस दिसलं. आपण पाण्याच्या जागेवर राहायला जातोय हे त्याला कुणी सांगितलं नाही. ही फसवणूक मला सर्वांत जास्त टोचते.

म्हणूनच हल्ली नदीपासून लांबच्या गल्ल्याही बुडतात. नदी फुगली की काँसांचं पाणी तिच्यात जाऊ शकत नाही, उलट नदीचंच पाणी त्यांतून मागे वस्तीत चढतं. 2005 च्या पुरात शहराने हा अनुभव घेतला. 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे 50 सेंटिमीटर पाऊस पडला, तेव्हा पुन्हा घेतला. मधल्या काळात नदीकाठ सुशोभित करण्याच्या योजनेवर बरीच वर्षं गेली. मे 2021 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पूरक्षेत्राची आखणी करा, अतिक्रमणं रोखा, असं बजावलं.

2024 च्या पुरानंतर मात्र हालचाल झाली. 2025 च्या पावसाळ्याआधी पात्र खोल आणि रुंद करण्याचं काम निघालं. नदीत मगरींची मोठी वस्ती असल्याने ते सांभाळून करावं लागलं. पात्रातला गाळ निघाला हे चांगलंच झालं, पण भराव घातलेली कोतरं त्याने मोकळी होत नाहीत. प्रत्येक वॉर्डात बुजलेल्या कोतरांचा आणि काँसांचा जुन्या मोजणी नकाशांवरून तयार केलेला नकाशा लागला पाहिजे आणि बांधकामाची नवी परवानगी देण्याआधी तो उघडून पाहिला गेला पाहिजे.